आवाज आटतो कसा?

आषाढी एकादशीच्या काही दिवस आधी श्रीज्ञानेश्वर महाराजांची पालखी फलटण, बरड असे मुक्काम करीत सोलापूर जिल्ह्यात येते आणि आमच्या नातेपुत्यास मुक्कामाला थांबते. त्या दिवशी गावात टाळ, मृदंग आणि वीणा यांखेरीज दुसरे काही ऐकू येत नाही. समजा, एका दिंडीच्या भजनाचे तुम्ही मोबाइलवर दहा मिनिटे ध्वनिमुद्रण केले. तेच मुद्रण दोन प्रकारे साठविले. पहिल्या प्रकारच्या फाइलला 'वेव्ह' म्हणतात. तिने जवळजवळ १०६ मेगाबाइट जागा घेतली. दुसरी 'एमपी-थ्री', तिने ९.६ मेगाबाइट घेतली. दोन्ही फाइली ऐकल्या, तर दहांपैकी नऊ जणांना फरक सांगता यायचा नाही.

येथे दोन प्रश्न निर्माण होतात. उरलेले ९६ मेगाबाइट गेले कोठे? आणि ते गेल्याने काहीच बिघडले नाही, असे खरोखर म्हणता येईल काय?

ध्वनीचे आकडे

प्रथम ध्वनीची फाइल म्हणजे काय ते पाहू. ध्वनी म्हणजे हवेच्या दाबात होणारे जलद चढउतार. मायक्रोफोन त्यांचे विद्युत्‌दाबाच्या चढउतारांत रूपांतर करतो. हा विद्युत्‌दाब ठराविक कालांतराने मोजावयाचा आणि प्रत्येक मापाचा आकडा लिहून ठेवावयाचा, की झाली ध्वनीची फाइल. तापाच्या रोग्याचे तापमान दर तासाला मोजून परिचारिका तक्त्यावर लिहिते, तसेच हे काम आहे. फक्त येथे मोजणी फार वेगाने करावी लागते.

किती वेगाने? माणसाचा कान साधारणपणे २० ते २०,००० हर्ट्‌झ कंप्रतेचे ध्वनी ऐकू शकतो. कंप्रता म्हणजे दर सेकंदास होणारी कंपने. एखाद्या कंपनाची नोंद नीट व्हावयाची, तर एका कंपनात किमान दोनदा तरी माप घेतले पाहिजे. हॅरी नायक्विस्ट यांच्या १९२८ मधील आणि क्लॉड शॅनन यांच्या १९४९ मधील लेखनातून हा नियम सिद्ध झाला. त्यानुसार २०,००० हर्ट्‌झसाठी सेकंदाला ४०,००० हून अधिक मापे हवीत. कॉम्पॅक्ट डिस्कसाठी हा आकडा ४४,१०० ठरविण्यात आला.

प्रत्येक माप १६ बिटांत लिहितात. बिट म्हणजे ० किंवा १ एवढाच अंक. असे १६ अंक शेजारी शेजारी मांडले, की २ चा १६ वा घात, म्हणजे ६५,५३६ वेगवेगळ्या पायऱ्या दाखविता येतात. आता गुणाकार करा. डाव्या व उजव्या कानासाठी दोन स्वतंत्र नोंदी धरल्या, तर

४४,१०० × १६ × २ = १४,११,२०० बिट दर सेकंदास.

८ बिट म्हणजे १ बाइट. दहा मिनिटांचे, म्हणजे ६०० सेकंदांचे, १०,५८,४०,००० बाइट होतात. वेव्ह फाइलचे १०६ मेगाबाइट ते हेच.

काही न गमावता

हा पसारा कमी करण्याचा एक मार्ग अगदी निर्धोक आहे. पानभर 'विठ्ठल' हा शब्द शंभर वेळा लिहिला असेल, तर 'विठ्ठल × १००' एवढे लिहूनही भागते. वाचणाऱ्याला मूळ पान जसेच्या तसे परत लिहिता येईल. ज्यात पुनरावृत्ती आहे, ते थोडक्यात सांगता येते.

पण ध्वनिमुद्रणात ही युक्ती थेट चालत नाही. वारकऱ्याने शंभर वेळा विठ्ठल म्हटले, तरी दोन उच्चार तंतोतंत सारखे नसतात. म्हणून निराळी युक्ती योजतात. समजा, लागोपाठची मापे १०००, १०१२, १०२३, १०३३, १०४२ अशी आहेत. पहिले माप लिहावे आणि पुढे केवळ फरक लिहावेत: १२, ११, १०, ९. लहान आकड्यांना कमी बिट पुरतात. मागील काही मापांवरून पुढच्या मापाचा अंदाज बांधला आणि फक्त अंदाजातील चूक लिहिली, तर आकडे आणखी लहान होतात.

तिसरी युक्ती डेव्हिड हफमन यांची. मॅसॅच्युसेट्‌स तंत्रशिक्षण संस्थेत शिकत असताना त्यांच्या प्राध्यापकांनी वर्गाला पर्याय दिला होता: परीक्षा द्या, नाही तर एक प्रश्न सोडवून निबंध लिहा. हफमन यांनी निबंध पत्करला. वारंवार येणाऱ्या चिन्हास आखूड खूण आणि क्वचित येणाऱ्या चिन्हास लांब खूण द्यावयाची, तर सर्वांत काटकसरीची पद्धत कोणती, हा तो प्रश्न. त्याचे त्यांनी शोधलेले उत्तर १९५२ मध्ये प्रसिद्ध झाले आणि आजही कोट्यवधी फाइलींत वापरले जाते.

अशा निर्धोक युक्त्यांवर 'फ्लॅक' हा २००१ मध्ये प्रसृत झालेला प्रकार आधारलेला आहे. फ्लॅक फाइल उलगडली, की मूळचा आकडा न् आकडा परत मिळतो. पण आकार घटतो तो निम्म्याच्या आसपास. एमपी-थ्री तर अकरावा हिस्साच ठेवते. तेव्हा तेथे काही तरी खरोखर टाकून दिले जाते, हे उघड आहे.

कान काय ऐकत नाही

टाकावयाचे काय, हे ठरविण्यासाठी संशोधकांनी माणसाच्या कानाकडे पाहिले.

रात्री खोलीत भिंतीवरचे घड्याळ टिकटिकताना ऐकू येते. पंखा लावला, की टिकटिक नाहीशी होते. घड्याळ बंद पडलेले नसते. त्याचा आवाज कानापर्यंत येतच असतो. पण पंख्याच्या मोठ्या आवाजाखाली तो झाकला जातो. यास ध्वनीचे 'आच्छादन' म्हणू.

आच्छादन का होते? आपल्या आंतरकर्णात गोगलगाईच्या शंखासारखी वळलेली नळी असते आणि तिच्या लांबीभर एक पातळ पडदा असतो. उंच स्वर आला, की पडद्याचा दाराजवळचा भाग अधिक कंप पावतो. खालचा स्वर आला, की आतील टोकाकडचा. गेऑर्ग फॉन बेकेशी या हंगेरीत जन्मलेल्या पदार्थवैज्ञानिकांनी हे प्रत्यक्ष पाहिले आणि त्याबद्दल त्यांना १९६१ चे नोबेल पारितोषिक मिळाले. पडद्याचा एखादा भाग मोठ्या स्वराने जोरात हलत असेल, तर त्याच जागेवरची बारीकशी थरथर वेगळी जाणवत नाही. शिवाय खालच्या स्वराची लाट आतील टोकाकडे जाताना उंच स्वरांच्या भागावरूनच जाते. म्हणून मोठा खालचा स्वर उंच स्वरांना जितका झाकतो, तितका मोठा उंच स्वर खालच्या स्वरांना झाकीत नाही.

आच्छादन काळातही होते. मोठा आवाज थांबल्यावर दहावा भाग सेकंद, कधी त्याहूनही थोडा अधिक काळ, कान बारीक आवाज टिपू शकत नाही. गंमत म्हणजे मोठा आवाज येण्यापूर्वीचे काही मिलिसेकंदही झाकले जातात. पण हे मागे जाणारे आच्छादन फार तोकडे असते. ही गोष्ट लक्षात ठेवा. टाळ वाजू लागला, की तिचे काम पडणार आहे.

एमपी-थ्रीची युक्ती

जर्मनीतील एर्लांगेन येथे डीटर झाइट्‌सर हे प्राध्यापक दूरध्वनीच्या तारांवरून संगीत पाठविण्याचा विचार करीत होते. त्यांचे विद्यार्थी कार्लहाइन्त्स ब्रांडेनबुर्ग यांनी तो प्रश्न हाती घेतला. फ्राउनहोफर संस्थेतील त्यांचे सहकारी व इतर देशांतील संशोधक यांच्या कामातून १९९२ मध्ये ध्वनीच्या संक्षेपाचे एक आंतरराष्ट्रीय मानक पक्के झाले. त्याचा तिसरा स्तर म्हणजे एमपी-थ्री. फाइलीच्या नावापुढे लावावयाची 'एमपी-थ्री' ही खूण १९९५ मध्ये ठरली.

ही पद्धत नको असलेले स्वर कात्रीने कापून काढते, असे पुष्कळांना वाटते. प्रत्यक्षात ती अधिक हुशारीने वागते. सोनाराचा काटा मिलिग्रॅमपर्यंत मोजतो. साखर कारखान्यावरचा उसाचा वजनकाटा काही किलोंची चूक मनावर घेत नाही, कारण कित्येक टन उसापुढे ती चूक दिसतच नाही. एमपी-थ्रीचे तत्त्व हेच आहे: जेथे चूक झाकली जाणार आहे, तेथे माप जाडेभरडे घ्यावे.

ध्वनीचे बारीक बारीक तुकडे पाडले जातात आणि प्रत्येक तुकड्याचे ५७६ कंप्रता-घटकांत पृथक्करण होते. मग कोणत्या पट्ट्यात किती मोठा आवाज आहे आणि त्याखाली किती खरखर झाकली जाईल, याचा हिशेब होतो. त्या हिशेबाने प्रत्येक पट्ट्यास कमी-अधिक बिट वाटून दिले जातात. एक बिट कमी केला, की मापातील चुकीमुळे होणारी खरखर सुमारे ६ डेसिबेलने वाढते. ही खरखर आच्छादनाच्या रेषेखाली राहील, एवढेच बिट द्यावयाचे. ज्या पट्ट्यातील आवाज मुळातच झाकलेला आहे, त्याला शून्य बिट. शेवटी हफमन यांची पद्धत लावून उरलेसुरले आटवावयाचे. अशा रीतीने सेकंदाला १४ लाख ११ हजार बिटांऐवजी १ लाख २८ हजार बिटांत काम भागते.

याची त्या काळी गरज किती होती ते पाहा. १९९५ च्या सुमारास घरच्या दूरध्वनीवरून मोडेम सेकंदाला २८,८०० बिट आणीत असे. चार मिनिटांचे गाणे मूळ रूपात यावयास सव्वातीन तास लागले असते. एमपी-थ्रीच्या रूपात ते सुमारे अठरा मिनिटांत येई.

मृदंग सोपा, टाळ अवघड

आता दिंडीकडे वळू. साध्या ढोलाच्या कातड्यातून निघणाऱ्या उपस्वरांच्या कंप्रता मूळ स्वराच्या पूर्ण पटीत नसतात. मृदंग आणि तबला यांच्यावर मात्र काळी शाई असते आणि तिच्यामुळे पहिले काही उपस्वर दुप्पट, तिप्पट, चौपट अशा पटींत येतात. सर चंद्रशेखर वेंकट रामन यांनी १९२० मध्ये 'नेचर' या नियतकालिकात एका सहकाऱ्यासह हे मांडले होते. थापेचा क्षण सोडला, तर मृदंगाची आस अशा थोड्या स्वरांत सामावते. थोडे स्वर म्हणजे थोडे बिट. संक्षेप करणाऱ्याला मृदंग सोपा जातो.

टाळाचे तसे नाही. काशाच्या दोन वाट्या आपटल्या, की अनेक उंच कंप्रता एकदम उसळतात आणि त्या पूर्ण पटीत नसतात. बिट वाटून पुरत नाहीत. त्याहून मोठी अडचण टाळाच्या ठोक्याची आहे. एमपी-थ्रीचा एक तुकडा शेजारच्या तुकड्यांवर चढवून मोजला, तर सुमारे २६ मिलिसेकंदांचा असतो. ठोका त्या तुकड्याच्या अखेरीस पडला, तरी मापातील चुकीची खरखर सबंध तुकडाभर पसरते. म्हणजे ठोक्याच्या वीस-पंचवीस मिलिसेकंद आधीच खरखर सुरू होते! मागे जाणारे आच्छादन तर काही मिलिसेकंदांपुरतेच असते. त्यामुळे ही खरखर ऐकू येते आणि टाळाचा खणखणीत ठोका पाण्यात भिजल्यासारखा वाटतो. यास 'पूर्वप्रतिध्वनी' म्हणता येईल. त्यावर उपाय म्हणून असा ठोका आला, की तुकडा एकतृतीयांश, म्हणजे सुमारे ९ मिलिसेकंदांचा करतात. बिट भरपूर असले, तर हा उपाय चांगला लागू पडतो. बिट कमी पडले, की टाळ पुन्हा फुसफुसू लागतो.

डबा आणि डब्यातील पदार्थ

एमपी-थ्रीनंतर अधिक काटकसरी पद्धती आल्या. १९९७ मध्ये 'एएसी' मानक झाले. २०१२ मध्ये 'ओपस' आले. ते सेकंदाला ६ हजार बिटांपासून ५ लाख १० हजार बिटांपर्यंत काम करते आणि इंटरनेटवरील संभाषणात त्याचा मोठा वापर आहे. पण 'एम-फोर-ए', 'एमपी-फोर', 'ऑग' ही नावे कशाची? ही डब्यांची नावे आहेत. डब्यात काय भरले आहे, हा प्रश्न वेगळा. एमपी-फोर या डब्यात एका कप्प्यात चित्रे, दुसऱ्यात ध्वनी आणि तिसऱ्यात खालच्या ओळींचा मजकूरही असू शकतो. डब्यावरची चिठ्ठी बदलून शेंगदाण्यांचे बदाम होत नाहीत. तसेच फाइलीच्या नावाची शेपटी बदलल्याने आतील ध्वनी बदलत नाही.

चित्रफितीत तर आटवल्यावाचून गत्यंतरच नाही. एका चित्रात १९२० × १०८० ठिपके, प्रत्येक ठिपक्यास ३ बाइट आणि सेकंदाला ३० चित्रे असा हिशेब केला, तर दर सेकंदास सुमारे १८७ मेगाबाइट होतात. मोबाइल साधारण दोन-अडीच मेगाबाइटवर भागवितो. दिंडी पुढे सरकते, पण मागचे देऊळ जागचे हलत नाही. म्हणून दर वेळी सबंध चित्र न लिहिता बहुतेक चित्रांत फक्त बदल लिहिला जातो. आणि डोळ्याला रंगातील बारकावा उजेडातील बारकाव्याइतका कळत नाही, म्हणून रंगाची मापे जाडीभरडी घेतात. युक्ती तीच, इंद्रिय वेगळे.

जात्यावरच्या ओव्या

आता दुसरा प्रश्न. जे ऐकूच येत नाही, ते टाकले तर बिघडले काय?

पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी पॉयत्वँ यांनी १९८० ते २००० या काळात महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांतून जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या. त्यांची संख्या एक लाखाहून अधिक आहे. १९९० नंतरच्या दशकात बर्नार्ड बेल यांच्या साहाय्याने अनेक गायिकांच्या आवाजांचे ध्वनिमुद्रण झाले. 'पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया' हे संकेतस्थळ २०१७ पासून या ओव्या लोकांपुढे ठेवीत आहे. विजेची गिरणी गावोगाव आली आणि पहाटेचे जाते थांबले. ज्यांना या ओव्या तोंडपाठ होत्या, त्या बायका आता थोड्या उरल्या आहेत. तुमच्या घरी किंवा शेजारी अशी एखादी आजी असेल.

समजा, तुम्ही तिचे गाणे मुद्रित केले. तेथे जात्याची घरघर आहे, बांगड्यांची किणकिण आहे, मध्येच घेतलेला श्वास आहे, समोर बसलेल्या बाईने हळूच धरलेला सूर आहे. संक्षेपाच्या हिशेबात जात्याची घरघर हे आच्छादन आणि तिच्याखाली दबलेले सारे बिनमहत्त्वाचे. आज गाणे ऐकावयाचे असेल, तर हा हिशेब बरोबर आहे. पण उद्या कोणी भाषाशास्त्रज्ञ आजीच्या बोलीतील स्वरांची मोजमापे घेऊ इच्छील. कोणी जात्याची घरघर गाळून तो दुसरा सूर वेगळा काढू पाहील. ते ज्यावर काम करणार, नेमके तेच 'ऐकू येत नाही' म्हणून टाकलेले असेल.

एकट्या आवाजाची आणखी एक अडचण आहे. सुझॅन व्हेगा या अमेरिकन गायिकेचे 'टॉम्स डायनर' हे गाणे एकही वाद्य न वापरता गायलेले आहे. ब्रांडेनबुर्ग यांनी ते आपल्या पद्धतीने आटवून ऐकले, तेव्हा तो आवाज फारच बिघडला होता. खरखर झाकावयास मागे वाद्यमेळ नव्हता. पुढे हेच गाणे पुनःपुन्हा ऐकून त्यांनी पद्धतीत सुधारणा केल्या. जाते न फिरविता एकटीच ओवी म्हणणारी आजी हीसुद्धा अशीच कठीण परीक्षा आहे.

आणि एकदा दळलेल्या पिठाची पुन्हा ज्वारी होत नाही. एमपी-थ्रीची वेव्ह फाइल करता येते, तिचा आकारही अकरा पट वाढतो. पण टाकलेले परत येत नाही. फाइल नुसती एका यंत्रातून दुसऱ्या यंत्रात उतरविली, तर तिच्यात बदल होत नाही. आकडे जसेच्या तसे जातात. परंतु आटवलेली फाइल उघडून, काटछाट करून पुन्हा आटवली, की जुन्या खरखरीवर नवी खरखर चढते. संदेश पाठविणारी काही ॲप चित्रफिती पाठविताना आपणहून पुन्हा आटवितात. त्याऐवजी 'डॉक्युमेंट' म्हणून पाठविलेली फाइल मूळ रूपात पोहोचते.

म्हणून आंतरराष्ट्रीय ध्वनिसंग्रह संघटनेने जतनासाठी नियम केला आहे: सेकंदाला किमान ४८,००० मापे, प्रत्येक माप २४ बिटांचे, आणि संक्षेप नाही. एका मायक्रोफोनच्या अशा मुद्रणास तासाला सुमारे ५१८ मेगाबाइट लागतात. नखाएवढ्या ६४ गिगाबाइटच्या कार्डावर १२० तासांहून अधिक गाणे मावते. १९९५ मध्ये आटवण्याची सक्ती होती. आजीची ओवी जपून ठेवण्यापुरती तरी ती आता राहिलेली नाही.

करून पाहा

१. मोबाइलच्या ध्वनिमुद्रकात 'वेव्ह' निवडण्याची सोय आहे का ते पाहा. नसल्यास ती सोय असलेले ॲप घ्या. टाळाचे वीस सेकंद आणि मृदंगाचे वीस सेकंद मुद्रित करा.

२. शाळेच्या संगणकावर 'ऑडॅसिटी' हे विनामूल्य सॉफ्टवेअर घ्या. दोन्ही मुद्रणे सेकंदाला ३२ हजार, १ लाख २८ हजार आणि ३ लाख २० हजार बिट अशा तीन एमपी-थ्री फाइलींत उतरवा. वर्गमित्रांना नाव न सांगता ऐकवा आणि कोणती फाइल कोणती ते ओळखावयास सांगा. टाळाच्या आणि मृदंगाच्या उत्तरांचा तक्ता वेगवेगळा करा.

३. मूळ वेव्ह आणि एमपी-थ्री एकाखाली एक ठेवा. एमपी-थ्रीच्या सुरुवातीस थोडी रिकामी जागा येते. ती काढून दोन्हींचे ठोके तंतोतंत जुळवा. मग एकीची चिन्हे उलटी करून दोन्हींची बेरीज करा. सारखे ते शून्य होईल आणि उरेल तो फरक. टाकलेला भाग आणि मापातील चूक असे दोन्ही तुम्हांला त्यात ऐकू येईल.

४. घरातील वा शेजारच्या आजीची परवानगी घेऊन तिच्या ओव्या वेव्हमध्ये मुद्रित करा. मूळ फाइल दोन वेगवेगळ्या ठिकाणी ठेवा; गाव, तारीख आणि तिने सांगू दिले तर तिचे नाव सोबत लिहा. एमपी-थ्री प्रत काढा आणि ती सगळ्या नातेवाइकांना खुशाल पाठवा. मूळ फाइल मात्र पुसू नका.